लक्ष कुणाकडे होतं

शालन मल्लावला ऐकू येत नाही, हे कोंढारपट्ट्यात पोरासोरांनाही ठाऊक होतं. चाळिशीत एका लांबलेल्या तापावर इंजेक्शनं झाली. ताप गेला आणि जाताना कान घेऊन गेला. तरीही धरणाच्या फुगवट्यावर मासे धरणाऱ्यांच्या सोसायटीनं तिलाच अध्यक्ष केलं, कारण ती ओठांवरून बोलणं वाचायची. लिलावात व्यापाऱ्यांची आपापसातली कुजबुज तिच्याइतकी कुणालाच कळायची नाही.

साठीला टेकताना जिल्हा रुग्णालयाच्या एका योजनेतून तिला कर्णिका मिळाल्या. लसणाच्या पाकळीएवढी दोन यंत्रं, कानात आत बसणारी.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं होतं. जुनं श्रवणयंत्र सगळंच मोठं करतं: बोलणं, पंखा, भांड्यांची आदळआपट. म्हणून चार माणसांत ते कुचकामी. चांगल्या कानालाही सगळे आवाज येतच असतात. त्यातला कुठला ऐकायचा हे मेंदू ठरवतो. आपलं ज्याच्याकडे लक्ष असतं त्याच्या बोलण्याच्या चढउताराबरोबर मेंदूतली एक बारीक विद्युतलहर चढते-उतरते. कर्णिकेच्या कडेला धातूचे ठिपके असतात. ते कानाच्या कातडीतून ही लहर पकडतात, भोवतीच्या सगळ्या आवाजांशी जुळवून बघतात आणि जुळेल तेवढा एकच आवाज कानात मोठा करून सोडतात. माणसाचं लक्ष वळलं की यंत्र वळतं. हे नीट जमायला यंत्राला भोवतीच्या प्रत्येक आवाजाचा ठसा लागतो, आणि ते शिक्षण पुण्याच्या कंपनीच्या मोठ्या संगणकावर होतं. शब्द तिकडे जात नाहीत, फक्त ठसे जातात, असं डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या.

शालनला शब्दांची काळजी नव्हतीच. बस स्टँडवरच्या गलक्यात तिला शेंगा विकणाऱ्या बाईचा आवाज एकटा, स्वच्छ ऐकू आला आणि ती तिथंच बाकावर बसून रडली. होडीच्या दुसऱ्या टोकाला जाळं ओढताना अनुसया काहीतरी पुटपुटत असते, हे ती विसरूनच गेली होती. अनुसया तिची लग्नानंतरची पहिली मैत्रीण. दोघींची होडी एकच होती.

प्लेटांचं प्रकरण आलं ते त्यानंतर. फुगवट्याचा निम्म्याहून जास्त भाग तरंगत्या सौरपट्ट्यांनी, म्हणजे गावाच्या भाषेत प्लेटांनी, झाकायचा, असं सरकारनं ठरवलं. वीज शहराला जाणार होती. पट्ट्यांखाली जाळं टाकता येत नाही आणि ऊन न मिळालेल्या पाण्यात मासा वाढत नाही. अर्ज झाले, मोर्चे झाले. शेवटी सोसायटीच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक बैठक झाली. पट्ट्यांचे नांगर टाकणारा तराफा ज्या पहाटे निघेल त्या पहाटे सगळ्या होड्या त्याच्या आडव्या लावायच्या, असं ठरलं. सचिव रावसाहेब नगरे बेत सांगत होते तेव्हा मध्येच शालनचं ध्यान तुटलं आणि तिनं त्यांना पुन्हा सांगायला लावलं. कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

त्या पहाटे काठावर पोलीस आधीच उभे होते. होड्या सुटल्याच नाहीत. तिघांना उचललं, त्यात अनुसयाचा मुलगा अंकुशही होता. कलमं अशी लावली की जामीन मिळेना.

बातमी फुटली कशी, याची चर्चा सुरू असतानाच वर्तमानपत्रात पहिल्या पानावर कर्णिकेच्या कंपनीची पानभर जाहिरात आली. ‘तुमचे कान तुमचेच’. कोंढार धरणाच्या परिसरातले आवाजाचे ठसे द्या, कटात कोण कोण होतं ते ओळखायचं आहे, असा आदेश सरकारनं दिला होता. कंपनीनं तो धुडकावून न्यायालयात धाव घेतली होती. आमच्या ग्राहकांचा एकही ठसा आम्ही देणार नाही, असं खाली कंपनीच्या मालकाच्या सहीनिशी छापलं होतं.

चहाच्या टपरीवर ती जाहिरात मोठ्यानं वाचली गेली. लोकांनी वाहवा केली. मग कुणीतरी म्हणालं, देणार नाही म्हणतात म्हणजे त्यांच्याकडं असणार. बैठकीला आलेल्यांत कर्णिका एकीच्याच कानात होत्या.

शालनला ते लगेच समजलं नाही. आधी तिला वाटलं यंत्र बिघडलं. ती टपरीवर गेली की बोलणं बंद व्हायचं. लिलावाच्या ओट्यावर बायका तिच्याशी खुणेनं बोलू लागल्या, जणू ती पुन्हा बहिरी झाली होती. टपरीवाल्यानं एकदा हात जोडून तिला चहा बाहेरच्या दगडावर आणून दिला. सोसायटीची पुढची बैठक होती तेव्हा रावसाहेबांनी ओशाळून सांगितलं की ताई, ते काढून घरी ठेवून या. ती ठेवून आली. पण जमलेल्यांना तेवढ्यानंही धीर आला नाही. माणसं तिच्याकडं पाठ करून बोलत राहिली आणि अध्यक्षीणबाई खुर्चीत बसून त्यांच्या टोप्या बघत राहिल्या. त्याच बैठकीत हात वर झाले आणि अध्यक्षपद गेलं, हे तिला रावसाहेबांनी नंतर कागदावर लिहून दाखवलं.

सगळ्यात जास्त मनाला लागली ती अनुसया. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं दुसऱ्या एकीबरोबर होडी धरली. शालन तिच्या दारात गेली तर अनुसयानं आतून शालनचंच डाळीचं पातेलं आणून तिच्या हातात दिलं, दोन्ही हात जोडले आणि दार लावून घेतलं.

शालनचा नवरा सोपान या दिवसांत फार मवाळ झाला होता. पहाटे उठून तिच्याआधी चूल पेटवायचा. लोकांचं मनावर घेऊ नकोस, म्हणायचा, चार दिवसांनी विसरतील.

अशातच कंपनीची वकील गावात आली. केतकी बापट तिचं नाव. तिशी-पस्तिशीची असेल, बोलायला गोड, भुईवर मांडी घालून बसणारी. तिनं सांगितलं की न्यायालयात कंपनी विरुद्ध सरकार असं चित्र दिसतं आणि ते बरं दिसत नाही. शालनताईंसारखी कष्टकरी बाई अर्जदार झाली तर सगळ्यांना कळेल की हा प्रश्न माणसांचा आहे. येण्याजाण्याची, राहण्याची सोय कंपनी करेल. सही तेवढी हवी.

शालननं चहा पुढं केला आणि विचारलं, "सरकार जे मागतंय ते तुमच्याकडं हाय का?"

"आम्ही ते देत नाही आहोत, ताई."

"ते वाचलं मी. हाय का?"

केतकीनं कप खाली ठेवला. "आहे," ती म्हणाली.

"मग पुसून टाका. पुसलं की मागणार कोण?"

ते आता करता येत नाही, असं केतकीनं समजावलं. खटला संपेपर्यंत काहीही पुसायचं नाही, असा न्यायालयाचा आदेश होता. आणि खरं सांगायचं तर कंपनीचीही पुसायला तयारी नव्हती. लाखो लोकांच्या ठशांवरच कर्णिका शिकत होती. ते गेले तर कंपनीकडे नुसतं प्लास्टिक उरलं असतं. शालननं मान हलवली. मग म्हणाली, माझ्या कानांनी काय नेलंय ते मला दाखवा, मग सहीचं बघू.

कायद्यानं ते दाखवावंच लागत होतं. दोन दिवसांनी केतकी टॅब घेऊन आली. सोपान बाजाराला गेला होता. ओसरीवर दोघी शेजारी बसल्या.

पडद्यावर मधोमध एक पांढरा ठिपका होता, ती शालन. भोवती रंगीत ठिपके, एकेक ठिपका म्हणजे एकेक आवाज. नाव कुणालाच नव्हतं, नुसते आकडे. पण दोन कानांत आवाज पोचायला जो किंचित फरक पडतो त्यावरून कोण कुठल्या बाजूला होतं ते यंत्राला कळत होतं. केतकीनं बैठकीचा दिवस उघडला. शालनला शेड जशीच्या तशी दिसली. तिच्या पुढं निळा ठिपका, तो रावसाहेब. उजव्या हाताला अनुसया. दाराशी अंकुश. तिनं एकेक नाव मनातच घेतलं, मोठ्यानं एकही नाही.

पांढऱ्या ठिपक्यापासून एकेका रंगापर्यंत रेघ जात होती. ज्याच्याकडे लक्ष, त्याच्याकडे रेघ. लक्ष जितकं घट्ट, तितकी रेघ जाड. रावसाहेब बेत सांगत होते तिथं रेघ निळ्याकडे होती. मग ती एकदम सुटली, गर्रकन मागं वळली आणि शालनच्या पाठीमागं, पत्र्याच्या भिंतीपलीकडं असलेल्या एका हिरव्या ठिपक्याला जाऊन चिकटली. सबंध बैठकीत इतकी जाड रेघ दुसरी नव्हती.

"हा आवाज बाहेरचा दिसतोय," केतकी म्हणाली. तिनं हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं तसा तो आकडा आणखी कुठं कुठं होता ते पडद्यावर उलगडलं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. चुलीपाशी, ओसरीवर, होडीत. कर्णिका आल्या त्या दिवसापासून.

शालन म्हणाली, "आमचे हे. मला न्यायला आले हुते त्या दिवशी."

केतकीनं फार पटकन तो दिवस मिटवला आणि न्यायालयात हे कुणालाही दाखवलं जाणार नाही, असं न विचारताच सांगितलं. शालन तिच्याकडं बघत राहिली. ही बाई इथं यायच्या आधी हे बघून आली असेल का? अर्जावर सही करायला शालनच बरी, बातमी तिच्या घरातूनच फुटलीय, ती कुठं बोलणार नाही, असं तिकडं कुणी ठरवलं असेल का? विचारून उपयोग नव्हता. खरं उत्तर आणि खोटं उत्तर सारखंच गोड आलं असतं. विचार करून कळवते, असं म्हणून तिनं केतकीला वाटी भरून मुरमुरे दिले आणि वाटेला लावलं.

सोपान बैठकीच्या दिवशी संध्याकाळच्या एसटीनं आलो म्हणाला होता. तिनं विचारलंही होतं, लवकर आलात का. नाही म्हणाला, तेव्हा तिनं विषय सोडला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं जाळं उचलायला गेली. शालननं कर्णिका घरी डब्यात घालून ठेवल्या होत्या. पाण्याच्या मध्यावर तिनं वल्ही आत घेतली आणि सरळ विचारलं, पत्र्यामागं उभं राहून कुणाशी बोलत होता.

सोपान बोलू लागला, पण मान वळवून.

"तोंड इकडं करा," शालन म्हणाली. "मला ऐकू येत न्हाई आत्ता."

त्याला तोंड तिच्याकडं करावं लागलं. प्लेटांच्या ठेकेदाराचा मुकादम त्याच्या बहिणीच्या गावचा होता. त्याला त्यानं फोनवरून सांगितलं होतं. तराफ्याच्या साखळीत होडी सापडली की उलटते, हे त्यानं दुसऱ्या धरणावर डोळ्यांनी बघितलं होतं. शालन सगळ्यात पुढच्या होडीत बसणार, हे त्याला माहीत होतं. पोलीस आधी आले तर कुणी पाण्यात उतरणारच नाही, असा त्याचा हिशेब होता. पोरांना धरून नेतील, असं त्याला वाटलं नव्हतं.

तुम्हाला प्लेटांवर पहारेकरी म्हणून घेणार आहेत असं ऐकते, ते खरं का, असं तिनं विचारलं. ते नंतरचं, सोपानचे ओठ म्हणाले, त्याचा याच्याशी संबंध नाही.

शालन त्या ओठांकडे बघत राहिली. कानांशिवाय इतकी वर्षं काढली, पण ही अडचण तिला कधी अशी भिडली नव्हती. ओठांवर शब्द दिसतो, त्यातला कंप दिसत नाही. तो खरं बोलतोय की नाही हे सांगणारं जे काही होतं, ते घरी डब्यात होतं.

"आणि माझ्या कानांवर आळ आला, तो बघत बसला तुम्ही."

त्यानं वल्ही घेतली आणि होडी काठाकडं वळवली. अनुसयाला तुम्ही स्वतः जाऊन सांगा, असं ती त्याला त्या दिवशी म्हणाली, दुसऱ्या दिवशीही म्हणाली. तो उद्या म्हणत राहिला.

तेवढ्यात खटलाच संपला. सुनावणीच्या आधी सरकारनं आपला आदेश मागं घेतला. कंपनीनं पुन्हा पानभर जाहिरात दिली. ‘तुमचा विजय’. त्याच पानावर खाली छोटी बातमी होती: राज्यातल्या सगळ्या ज्येष्ठ नागरिकांना सरकारतर्फे कर्णिका मोफत मिळणार, त्यासाठी कंपनीशी करार झाला होता. शालननं वरची जाहिरात वाचली, खालची बातमी वाचली आणि पुन्हा वरची वाचली. मागणारा माणूस एवढ्या लवकर गप्प बसत नाही. तो गप्प बसला म्हणजे त्याला ते नको झालं असेल, किंवा त्याच्या पदरात पडलं असेल. यातलं काय झालं ते सांगणारं कुणी नव्हतं.

गावानं मात्र वरचंच वाचलं. शालनच्या कानांतून काही बाहेर गेलंच नव्हतं. माणसं ओशाळली. टपरीवाल्यानं आत बसवून चहा दिला. कर्णिका घाला की ताई, असं चारचौघांनी सांगितलं. तिनं घातल्या, कारण न घालण्याचं कारण सांगावं लागलं असतं. लोक बोलायला लागले आणि पहिल्याच दिवशी तिला ऐकू आलं की आता नवं नाव निघालंय. कानांनी नाही तर माणसानं फोडलं, आणि बेत बैठकीच्या आधीपासून माहीत होता तो रावसाहेबांना. मुलगा सरकारी नोकरीत. होडीही त्या पहाटे उशिराच आणली होती त्यांनी. एकेक गोष्ट एकाला एक जुळत गेली.

सोसायटीची बैठक लागली. शेड भरली होती. सोपान आला नव्हता. रावसाहेब उभे होते आणि अनुसया त्यांना विचारत होती, तुरुंगात पोरगा आहे माझा, सांगा कुणाला फोन केला होता. रावसाहेब शपथा घेत होते. वयस्कर माणूस, बोलताना त्यांच्या घशात आवंढा अडकत होता. तो शालनला अगदी स्वच्छ ऐकू येत होता, कारण तिचं लक्ष तिथं होतं.

ती उठली. "रावसाहेबांनी न्हाई सांगितलं," ती म्हणाली.

कोणी मग, असं अनुसयानं विचारलं.

शालननं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की तिच्याकडं यासाठी शब्दच नाही. आमचे हे, घरचे, पोरांचे वडील, एवढ्यावर तिचा संसार झाला होता. नवऱ्याचं नाव तिनं लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर कधी जिभेवर आणलं नव्हतं.

"सोपान मल्लावनं सांगितलं," ती म्हणाली.

अनुसया दोन पावलं पुढं आली. पुष्कळ दिवसांनी ती शालनशी बोलत होती, आणि अगदी हळू बोलली.

"तुला कधी कळलं?"

ती बाई टॅब घेऊन आली त्या दिवशी, असं शालनला म्हणता आलं असतं. ते खोटं ठरवणारं गावात कुणी नव्हतं. पुण्यात कुठल्यातरी संगणकावर एक जाड रेघ होती, तेवढीच.

"त्याच दिवशी," ती म्हणाली. "हितंच. पत्र्यामागं बोलत हुते ते. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं."

अनुसया बाहेर निघून गेली. तिच्यामागं एकेक करून सगळे गेले. रावसाहेब शेवटपर्यंत थांबले, मग तेही गेले.

सोपान त्या आठवड्यात बहिणीच्या गावाला गेला. प्लेटांवर पहारेकरी म्हणून दुसऱ्या कुणाला तरी घेतलं, त्यामुळे नोकरीचं खरं काय होतं ते शालनला शेवटपर्यंत कळलं नाही. तिनं कंपनीला लिहून कळवलं की माझं सगळं पुसून टाका. तुमची विनंती आम्हाला मिळाली आहे, असं उत्तर आलं. महिन्यानं पुन्हा लिहिलं, तेव्हा तेच उत्तर तसंच आलं. मग तिनं कर्णिका जिल्हा रुग्णालयात परत नेऊन दिल्या. डॉक्टरीणबाईंनी कारण विचारलं तर म्हणाली, मला चालतंय, पण मी दुसऱ्यांच्या दारात जाते ना.

अंकुशला जामीन मिळाला तेव्हा पट्ट्यांचा पहिला भाग पाण्यावर पसरून झाला होता. उरलेल्या पाण्यात होड्या दाटीनं चालायच्या. एका दुपारी शालन काठावर एकटीच जाळ्याची भोकं सांधत होती. खांद्याला हात लागला म्हणून तिनं वर बघितलं. अनुसया काहीतरी बोलत होती, भरभर, अर्धं पदरात. काही कळलं नाही म्हणून शालननं नुसती मान हलवली.

अनुसया खाली वाकली आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन अशी ओरडली की पलीकडच्या होड्यांतली माणसं थांबून बघायला लागली.

"अंकुश तुझ्याशी बोलायचा न्हाई! मी बोलणार! उद्या होडीत ये!"